यादीतून गेलेला श्री

चहा ओतते, पण आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. नाही ना कबूल? बघा, आत्तापासूनच दात दिसायला लागलेत! बरं, हसा बाई. फजिती माझीच आहे, आणि तीही अशी की अजूनही मोबाइलवर दोन निळ्या टिका दिसल्या की मी मोबाइल उलटा करून ठेवते.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी वेबसाइट बनवते. कंपनी पुण्याची, मी कोरीटची. माडीवरच्या खोलीत टेबल, लॅपटॉप आणि मी. आमचे हे धडगावला शाळेत शिक्षक, ते शनिवारी जीपनं घाट उतरून येतात. घरी सासरे म्हणजे आप्पा, सासूबाई म्हणजे जिजी, आणि धाकटे दीर योगेशभाऊ.

जिजींना माझं काम म्हणजे काय ते सुरुवातीला कळायचंच नाही. एकदा मी फोनवर पुण्याच्या साहेबांना समजावत होते, "सर, अ‍ॅरे रिकामा आहे का ते आधी बघायला हवं. अ‍ॅरे तपासल्याशिवाय त्यातलं काही उचलायचं नाही." जिजी भाजी निवडायची टाकून धावत वर आल्या.

"व माय! साहेबले अरे-तुरे करी ऱ्हायनी तू? नोकरी जाई ना तुन्ही!"

आता तुम्ही विचाराल, अ‍ॅरे म्हणजे काय? काही नाही हो, यादी. ओळीनं मांडलेल्या गोष्टी आणि प्रत्येकीला नंबर. नंबर सांगितला की मशीन त्या जागेवरची गोष्ट उचलून देतं. एवढंच लक्षात ठेवा, बाकी सगळं रामायण या एवढ्याशावरच घडलं.

तर योगेशभाऊंचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे काय, तिसऱ्यांदा ठरलं! आधीची दोन स्थळं नुसत्या एकेका शब्दावरून मोडली होती. एका ठिकाणी आमच्याकडच्या कोणीतरी पोह्यांना नावं ठेवली, आणि दुसऱ्या ठिकाणी काय झालं ते अजून कोणाला नीट माहीत नाही. योगेशभाऊ तेव्हापासून कुठल्याही पाहुण्यासमोर तोंडच उघडत नसत. त्यामुळे या वेळी घरात सगळे जपून बोलत होते.

मुलगी शहाद्याकडची, गुणी. तिचे वडील रोहिदास आबा म्हणजे भारदस्त मिशा, कडक इस्त्री आणि त्याहून कडक स्वभाव. साखरपुड्यात आप्पांनी सगळ्यांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं, "आमले काही नको. नारळ आनि पोर!" लग्न आमच्याच दारी, कोरीटला. मांडव, हळद, जेवण सगळं आमच्याकडे.

आप्पांनी वही काढली. कामाची आणि मानाची अशी चाळीस माणसं, आणि प्रत्येकाला वेगळा निरोप. आप्पांचा हिशेब साधा. लग्नात दोनच माणसं खरी महत्त्वाची, एक मुलगी देणारा आणि दुसरा जेवण रांधणारा. म्हणून पहिलं नाव व्याह्यांचं, दुसरं झुलाल आचाऱ्याचं. तिसरे आमचे फुवा, म्हणजे आप्पांच्या बहिणीचे यजमान, कारण आमच्या घरात मांडवाची पहिली मेढ फुवांनीच रोवायची अशी रीत आहे. चौथा बँडवाला, पाचवे भटजी, असं करत करत चाळिसावा मंडपवाला.

आता चाळीस निरोप हातानं कोण लिहिणार? आणि घरात इंजिनिअर सून असताना का लिहायचे? मी छाती ठोकून सांगितलं, "आप्पा, मी एक पान बनवते. तुम्ही फक्त नावापुढे टिक करा. ज्याला टिक, त्याला त्याचा निरोप. पाच मिनिटांचं काम!"

पाच मिनिटांचं काम! ही जीभ तेव्हाच का नाही झडली?

एका संध्याकाळी मी दोन याद्या बनवल्या. एकीत नावं नि मोबाइल नंबर, दुसरीत निरोप. पहिल्या नंबरला टिक केली की पहिलं नाव आणि पहिला निरोप उचलायचा, जोडायचा आणि पाठवायचा. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसले, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाले, "वर श्री कोठे शे?"

"आप्पा, मशीनला श्री लागत नाही."

"मशीनले नही लागस, माले लागस! श्री शिवाय यादी कशी सुरू करशी?"

आणि इथेच मला माझी हुशारी नडली. कारण मशीनची एक खोड आहे. ते मोजायला एकपासून सुरुवात करत नाही, शून्यापासून करतं. पहिली गोष्ट शून्य नंबरवर, दुसरी एकवर. मला वाटलं, वा! श्रीला शून्यावर बसवला की व्याही आपोआप एक नंबरला येतात, आचारी दोनला, अगदी आप्पांच्या वहीसारखंच. देवही खूश, सासरेही खूश, मशीनही खूश! मी दोन्ही याद्यांच्या डोक्यावर श्री बसवला. नावांच्या यादीत "॥ श्री ॥", आणि निरोपांच्या यादीत त्याच्यासमोर रिकामं. देवाला कसला निरोप धाडणार?

चाचणी घेतली. स्वतःला पाठवून पाहिलं. सगळं चोख. आप्पा खूश होऊन जिजींना म्हणाले, "देखी का, सून हुशार शे आपली."

सकाळी पाठवायच्या आधी माझ्या डोक्यात किडा वळवळला. समजा चुकून एखादा निरोप लिहायचा राहिला असेल तर? व्याह्यांना कोरा निरोप गेला तर? छे छे, सुरक्षित काम पाहिजे! म्हणून मी एक ओळ वाढवली, की निरोपांच्या यादीत जे रिकामं असेल ते आधी काढून टाक. एकच ओळ हो! आणि एका ओळीसाठी परत चाचणी कोण घेतं?

आप्पांनी त्या दिवशीची घाईची पाच नावं टिक केली. पहिली चार आणि शेवटचा मंडपवाला. मी बटण दाबलं. पाचही निरोप माझ्या मोबाइलवरून रवाना झाले. आप्पा शेतात गेले, मी माडीवर मीटिंगला बसले. इतकं हलकं वाटत होतं म्हणून सांगू!

दुपारी फुईंचा फोन. फुई म्हणजे आप्पांची बहीण.

"कल्याणी, तुन्हा फुवा सकायपासून ढोल धुंडी ऱ्हायनात व."

"ढोल? कसाले फुई?"

"आता माले काय विचारस? तूच ते लिखं! सात जन लई या, ढोल फाटेल नको, नवरदेवना पुढे वाजाडत चाला! त्या म्हनतस, मी मेढ रोवाले जाऊ का वाजाडाले जाऊ?"

मी हसायला लागले. म्हटलं, फुवांची काहीतरी गंमत असणार. आणि मग हसता हसता थांबले. कारण हे शब्द माझ्या ओळखीचे होते. हा बँडवाल्याचा निरोप होता!

फोन ठेवला तर लगेच दुसरा वाजला. मंडपवाला.

"ताई, तुमनं लगीन मोडायनं का?"

"काय? कोण म्हणालं?"

"तुमनाच मेसेज उना. माले इंग्रजी वाचता येस नही, आंडेरले विचारं. तठे लिखेल शे, अनडिफाइन्ड. ती बोलनी, बाबा, म्हंजे अजून ठरेल नही. म्हनीसन मी तुमनी तारीख दुसराले दी टाकी."

"दिली? भाऊ, परत घ्या! आत्ताच्या आत्ता परत घ्या! ठरलंय, पक्कं ठरलंय!"

"मंग आसं कसाले लिखं ताई?"

मी त्याला काय सांगणार? की यादीत चाळीस नंबरला काहीच उरलं नाही म्हणून मशीननं तिथे 'अनडिफाइन्ड' ठेवलं? मी हात जोडले, फोनवरच. तो भला माणूस, "बरं बरं, देखस" म्हणाला.

लॅपटॉप उघडला. आणि त्या एका ओळीकडे बघताच मी कपाळावर हात मारून घेतला. समजलं का काय झालं होतं? निरोपांच्या यादीत रिकामं कोण होतं? श्री! मी म्हटलं होतं रिकामं ते काढून टाक, मशीननं आज्ञाधारकपणे श्रीला काढून टाकलं. मग खालचे सगळे निरोप एकेक जागा वर सरकले. नावांच्या यादीत मात्र श्री आपल्या जागेवर ठाण मांडून. म्हणजे प्रत्येकाला त्याच्या खालच्याचा निरोप! फुवांना बँडवाल्याचा. बँडवाल्याला भटजींचा, "मंगलाष्टकं लांबवू नका." मंडपवाल्याच्या खाली कोणी नाही, म्हणून त्याला काहीच नाही. आचाऱ्याला फुवांचा.

आणि व्याह्यांना?

बायांनो, व्याह्यांना आचाऱ्याचा!

तुम्हाला तो निरोप सांगायलाच हवा. झुलाल आचारी मागच्या एका लग्नात मांडवामागे जाऊन टाकून आला होता आणि वरणात दोनदा मीठ घातलं होतं. म्हणून आप्पांनी मला मोठ्या आवाजात शब्द न् शब्द सांगून लिहून घेतलं होतं. वर मशीननं आपलं इमानेइतबारे नाव जोडलं आणि रोहिदास आबांना गेलं ते असं:

"आदरणीय रोहिदास आबा, मागच्या कार्यक्रमात मांडवाच्या मागे जाऊन तुम्ही काय केलं ते आम्हाला ठाऊक आहे. या वेळी पिऊन आलात तर मांडवात पाय ठेवू देणार नाही. येताना सव्वाशे माणसांची कढई आणि झारा स्वतःचा आणावा."

मी तो चार वेळा वाचला. दर वेळी तो जास्तच वाईट वाटायला लागला. घाईघाईनं पुसायला गेले, तर खाली दोन निळ्या टिका. वाचलेला! सकाळीच वाचलेला! आणि उत्तर? काही नाही.

मी फोन लावला. बंद. परत लावला. बंद. योगेशभाऊ खाली अंगणात कोणाशी तरी हसत बोलत होते. बिचाऱ्याला काय माहीत, आपल्या तिसऱ्या स्थळाचा बळी वहिनीच्या एका ओळीनं घेतलाय? मला रडूच आलं. खोटं नाही सांगत, मी कोपऱ्यात बसून ओढणीत तोंड खुपसून रडले.

आप्पांना सांगायला तीन वेळा जिन्यापर्यंत गेले आणि तीन वेळा परत आले. पहिल्यांदा ते जेवत होते. दुसऱ्यांदा ते झोपले होते. तिसऱ्यांदा ते काहीच करत नव्हते, तर मलाच दोरीवरचे कपडे आठवले. जिजींनी विचारलं, "काय व व्हयनं? तोंड कसं सुकी गयं?" मी म्हटलं, पुण्याचं काम फार आहे. म्हणजे एका चुकीवर वरून खोटंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दारात पिकअप थांबला. मी माडीवरून डोकावले. आधी इस्त्रीचा सदरा दिसला, मग मिशा, मग मागून विहीणबाई. आणि मग ड्रायव्हरनं आणि आबांनी मिळून गाडीतून जे उतरवलं ते पाहून मी कठडा घट्ट धरला. कढई! एवढी मोठी की त्यात मी बसले असते, आणि खरं सांगते, त्या क्षणी बसून वरून झाकण लावून घ्यावं असंच वाटत होतं.

मी खाली गेले ती पदर सावरत, चहाचा ट्रे घेऊन. आप्पांनी कढईकडे बघत व्याह्यांना विचारलं.

"याही, हाई काय शे?"

"तुमनी कढई. सव्वाशे मानसंनी शे. झारा बी शे."

"पन कसाले? आम्ही ते सांगं, आमले काही नको!"

आबांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि निरोप वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. शब्द न् शब्द. मी ट्रे घेऊन तशीच उभी. आप्पा आधी गोंधळले, मग एकदम चमकले. आपलेच शब्द होते ना ते! कालपरवाच सांगितलेले! त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

आता आबा ओरडणार. आता लग्न मोडलं म्हणणार. मी ठरवलं, त्यांनी तोंड उघडायच्या आत आपणच सांगून टाकायचं, पाय धरायचे. मी ट्रे खाली ठेवला, "आबा, ते असं झालं की—"

"नही, कल्याणीबाई. तुम्ही काही बोलू नका. पहिले मी बोलस."

आणि त्या भारदस्त माणसानं चक्क हात जोडले हो!

"साखरपुडाना दिन मी ट्रॅक्टरना मांगे गयथू. थोडीशीच लिधी. माले वाटनं, कोनी देखं नही. तुम्ही पानीना जग लई जाई ऱ्हायनथ्यात, तव्हय तुमनी नजर पडनी व्हयी. चूक मन्ही शे. पन आप्पा, मन्ही चूकमुळे मन्ही आंडेरनं लगीन मोडू नका. आजपासून मी सोडी दिधी."

मी काय पाहिलं होतं? काही नाही! मी जग भरला आणि आले होते. ट्रॅक्टरमागे रोहिदास आबा होते की म्हैस होती, मला काय माहीत?

विहीणबाई कढईमागून पुढे आल्या. त्या एकदम कडाडल्या. "बावीस वरीस व्हयनात! बावीस वरीस हाऊ मानूस माले सांगस, खोकलानं औषध शे!"

"आवं, पाहुनासमोर…"

"आते पाहुना दिखनात का? तुम्हले खोकला कव्हय व्हता, तेच माले समजे नही!"

बघा आता माझी गत. मी कबुली द्यायला गेले होते. खरं सांगावं तर आबांनी आपलं बावीस वर्षांचं गुपित फुकट, आणि तेही बायकोसमोर, उघडं केलं असं होणार. त्यानं लग्न नक्कीच मोडणार. आणि गप्प बसावं तर मी व्याह्यांच्या डोळ्यांत चहाडखोर सून. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी डोळ्यांनीच दटावलं, गप बस. मग त्यांनी आबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "याही, झायं गयं. लगीन कोठे मोडनार नही."

मी श्वास सोडते न सोडते तोच फाटक वाजलं. दारात झुलाल आचारी! पांढरा सदरा, नवी टोपी, केसांना तेल, आणि सोबत बायको, ठेवणीतलं पातळ नेसून. दोघं येऊन आप्पांच्या पाया पडले.

"आप्पा, मेढ कोठे रोवानी?"

घ्या! फुवांचा निरोप याला गेला होता ना! "तुमच्याशिवाय मेढ रोवली जाणार नाही. जोडीनं या, तुमचा मान घ्या."

"पंचवीस वरीस रांधी ऱ्हायनू आप्पा," झुलालचे डोळे भरून आले, "कोनी माले जोडीनं या आसं नही बोलनं. तिनी ते ऐकं आनि रडी पडनी."

त्याची बायको खरंच डोळे पुसत होती. सांगा, अशा माणसाला "चुकून गेलं हो" कसं म्हणायचं? तुम्ही म्हणाल का? आप्पा नुसते खाकरले. मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि त्यांची नजर कढईवर पडली. माझे सासरे किती पोचलेले आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

"झुलाल, मेढ फुवा धरतीन, माती तू लोट. दोघंस्ना मान. आनि हाई कढई देख. याहीसनी खास तुन्हासाठे आनी. चाली का?"

झुलालनं कढईभोवती एक फेरी मारली, बोटानं वाजवून पाहिलं. "चाली काय आप्पा, पयी!" चालेल काय, पळेल म्हणे!

आबांना वाटलं, कढई म्हणूनच मागवली होती, स्वयंपाकासाठी. त्यांचाही चेहरा खुलला. सगळ्यांनी चहा घेतला. योगेशभाऊ दाराआडून ऐकत होते, त्यांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र अजून पडायचा होता, कारण पिकअप वळणावर दिसेनासा होताच आप्पांनी मला समोर बसवलं.

"ते शब्द मन्हा व्हतात. झुलालसाठे. याहीसले कसा गया?"

मी सगळं सांगितलं. शून्य, एक, दोन याद्या, रिकामं काढायची ओळ. आप्पा शांतपणे ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, "म्हंजे तू श्रीले रिकामा समजीसन काढी टाकं?"

"मी नाही आप्पा, मशीननं…"

"सांगनार कोन? तूच ना!" मग वही पुढे ओढून, "आनि माले एक सांग. नाव एक वहीमा आनि निरोप दुसरी वहीमा कसाले लिखा? मी ते एकच ओळमा लिखेल शेतस. नाव सरकनं ते निरोप बी सरकी. आसं नही येस का तुमनी इंजिनिअरिंगमा?"

येतं हो! अगदी असंच येतं! प्रत्येक नावासोबत त्याचा निरोप बांधून ठेवायचा, मग कोणालाही उचला, चूक व्हायची नाही. पुण्याच्या कंपनीत नव्या मुलांना याच विषयावर मी दर महिन्याला तास घेते. आणि इथे सातवी पास सासऱ्यांनी तो मला अंगणात बसवून घेतला. मी मान खाली घालून "हो आप्पा" म्हटलं.

"आते हाई गोट तुन्ही नि मन्ही. याहीसले समजनी ते परत पेवाले लागतीन."

गोष्ट आजपर्यंत आमच्या दोघांत राहिली, आणि तुम्हीही पुढे नेऊ नका हं, पण विहीणबाईंच्या तोंडाला कोण कुलूप लावणार? शहाद्याहून निघालेली बातमी दोन दिवसांत कोरीटला पोचली. कल्याणीला सगळं दिसतं! ती बोलत नाही, थेट लिहून पाठवते! मग काय विचारता? बायका संध्याकाळी कणीक मागायच्या निमित्तानं यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "मन्हा घरवालाले बी एक मेसेज धाड ना." आणि पुरुष? मी गल्लीतून निघाले की पारावरची माणसं उठून उभी राहायची. एका काकांनी मला पाहून तोंडातला तंबाखू गिळला, आई शप्पथ!

सुरुवातीला लाज वाटली, नाकारत नाही. पण तिसऱ्या दिवशी मला ते आवडायला लागलं. वाटलं, चला, चूक झाली पण काय दरारा झाला! असा मान पुण्यात कधी मिळाला नव्हता. मी जरा ताठच चालायला लागले.

शनिवारी आमचे हे आले. बसस्टँडवरच कोणीतरी त्यांच्या कानावर सगळं घातलेलं. जिना चढून वर आले, पण चप्पल काढेनात, बसेनात. नुसते दारात उभे. मला विचारायचं होतं, धडगावच्या शाळेतून लग्नाला किती जण येणार. म्हणून मी म्हटलं, "अहो, एक विचारायचं होतं तुम्हाला."

त्यांचा चेहरा पांढराफटक.

"कल्याणी, तुले समजेलच शे. मी सोताच सांगी टाकस." घाबरले की हे एकदम अहिराणीवर येतात. "तो डबा. सोमवारले तू पहाटे उठीसन करी देस तो. मी खास नही."

"काय?"

"घाटमा जीपवालाले दी टाकस. दोन वरीसपासून."

मी बोटांवर सोमवार मोजायला लागले. दोन वर्षं! दर सोमवारी पाचला उठून! "का पण? काय झालं डब्याला?"

"आता… भाजी तशी… तूच समजी ले ना."

निदान त्या जीपवाल्याचं पोट तरी भरलं असेल, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. तरीही न राहवून विचारलंच, "जीपवाल्याला आवडतो ना?"

ह्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. "तो पहिले खाये. आते तो बी मोलगी गावना जीपवालाले दी टाकस."